माळ्यावरचा रेडिओ खाली काढलाय? थांबा, लगेच प्लग लावू नका

आमची नौपाड्यातली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा रिकामा करताना बाबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ सापडला, गोणपाटात गुंडाळलेला, वर कुणीतरी पितळेची परात पालथी घातलेली. मी काय केलं असेल? सगळे करतात तेच. फडक्याने पुसला आणि प्लग लावला. अर्धा मिनिट काही नाही, मग डायलचा दिवा लागला, आई म्हणाली "अगंबाई, लागला की!", मग घुंऽऽ असा आवाज, मग जळका वास, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून बघतो तर एका व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालभडक. प्लग ओढेपर्यंत स्पीकरला आवाज पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला होता. इतकी वर्षं माळ्यावर उन्हाळे-पावसाळे काढलेला रेडिओ मी एका मिनिटात मारला.

तो नंतर वर्तकनगरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी उभा केला, आणि त्यांच्याकडे रविवारी जाऊन बसता बसता मला हा नाद लागला. आता घरात सात रेडिओ आहेत (बायकोच्या हिशोबाने अकरा, ती सुटे भागही मोजते). कुणी ना कुणी विचारतंच की आजोबांचा रेडिओ सापडलाय काय करू, किंवा हॅम रेडिओचं (लायसन्स घेऊन हौस म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचं) जुनं सामान कुठे मिळेल, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी ओळखा की हातात काय आहे. ट्रान्झिस्टर सेट असेल, सेलवर चालणारा, तर जिवाला धोका नाही, बिनधास्त उघडा. व्हॉल्व्हचा असेल तर आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि तो प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतो. त्यातही दोन जाती. एक, ज्यात मेन ट्रान्सफॉर्मर आहे, जड असतो, उचलल्यावर एका बाजूला कलतो, आणि व्हॉल्व्हची नावं ई ने सुरू होतात, ईसीएच ८१, ईएल ८४ वगैरे. दुसरी एसी-डीसी जात, यूसीएच ८१, यूवाय ८५ असे यू वाले व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मरच नाही, आणि यात मेनची एक वायर थेट चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. म्हणजे प्लग उलटा लागला तर अख्खी चॅसी लाईव्ह. बटण निघून आलं असेल तर त्याच्या उघड्या दांड्याला हात लावला तरी झटका. असा सेट असेल आणि तुम्ही नवीन असाल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (रेडिओला घरच्या मेनपासून वेगळा ठेवणारा) आणल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका, हे मी खरंच गंभीरपणे सांगतोय. काकांचा नियम होता की चालू रेडिओत हात घालायचा तर एकच हात, दुसरा खिशात. "अरे राजा, एका हातातून करंट गेला तर बोंब मारशील, दोन हातांतून गेला तर बोंब मारायला उरणार नाहीस."

कंडेन्सर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे लोक असतात, मर्दानगी वाटते त्यात. दहा के ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टन्स घ्या, दोन टोकांना इन्सुलेटेड वायर आणि क्लिप लावा, दहा-पंधरा सेकंद धरा, मग मीटरने मोजा. मीटर शून्याजवळ दाखवेल तेव्हाच हात आत.

आता साफसफाई. इथे मी दुसरा गुन्हा केलाय तो ऐका. मागचं झाकण काढा, पेंटचा जुना मऊ ब्रश घ्या, व्हॅक्युम क्लीनरची नळी शेजारी धरा आणि धूळ हळूहळू झाडा. आमच्या सेटमध्ये पालीची अंडी निघाली, तीन, गँगच्या (स्टेशन लावताना फिरतो तो पत्र्याच्या पानांचा कंडेन्सर) मागे. झुरळं तर असतातच, आणि ती स्पीकरचा कागद खातात, तो फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा पातळ फेव्हिकॉलने चिकटवा, चांगला चालतो. गँगची पानं मात्र ब्रशने वाकवू नका, ती एकमेकांना टेकली की त्या जागी स्टेशन लागणारच नाही, नुसती खरखर.

आणि डायलची काच! त्या काचेवरची अक्षरं आतल्या बाजूने छापलेली असतात आणि इतक्या वर्षांत तो रंग नुसता नावाला चिकटून असतो. मी काच काढली, खिडकीला मारतो तो स्प्रे मारला, फडकं फिरवलं आणि फडक्यावर पिवळा डाग आला. बघतो तर काचेवर दिल्ली आहे, कराची आहे, लंडन आहे, आणि 'सिलोन' गेलं. पुसून गेलं. नेमकं तेच. आई काही बोलली नाही, म्हणाली "असू दे, मला ठाऊक आहे कुठे होतं ते." १९५२ साली आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली तेव्हा अख्खा देश शॉर्टवेव्हवर सिलोन लावून बसायचा, बिनाका गीतमाला, बुधवार रात्र, अमीन सयानी. विविध भारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरात, आणि तरीही लोकांची सिलोनची सवय सुटली नाही. तर काचेची आतली बाजू फक्त कोरड्या मऊ ब्रशने, तेही अक्षरं सोडून. बाहेरून काय हवं ते करा.

बँड स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोल खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तो इलेक्ट्रॉनिक्सवाला, सायकलच्या चेनला मारतात तो गंजाचा स्प्रे नाही. मारल्यावर बटण तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. निम्म्याहून जास्त "बिघडलेले" ट्रान्झिस्टर मी एवढ्यावर चालू केलेत.

एक गोष्ट करायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आत चौकोनी ॲल्युमिनियमच्या डब्या असतात, डोक्यावर स्क्रूसारखं काहीतरी, ते आयएफटी, हवं ते स्टेशन वेगळं काढणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या. ते स्क्रू सैल झालेत असं वाटतं. ते सैल नाहीत, ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास नेमके जुळवलेले आहेत, आणि आधीच्या कुठल्यातरी हुशार भाच्याने ते "घट्ट" केले नसतील अशी देवाकडे प्रार्थना करा.

डायलचा दोरा तुटला असेल तर नवीन घालायच्या आधी तो कुठल्या पुलीवरून कसा गेलाय याचा मोबाईलवर फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी. हा दोरा घालणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं, फक्त सुई पळत असते. स्प्रिंग सुटून सोफ्याखाली जाणार हे गृहीत धरा.

आता प्लग. थेट नाही. एक सिरीज बोर्ड बनवा, लाकडाच्या फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि रेडिओला जाणारा करंट बल्बमधून जाईल अशी जोडणी, शाळेत प्रयोग केला असेल तोच. बल्ब जुन्या पद्धतीचा फिलामेंटवालाच हवा, ६० किंवा १०० वॉट, एलईडीचा उपयोग नाही. हे बल्ब आता शोधावे लागतात, मला जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत मिळाले, दुकानदाराने धूळ झटकून दिले. रेडिओ यातून लावला की बल्ब आधी जोरात पेटेल आणि मग मंद होईल, असं झालं तर आत मोठा शॉर्ट नाही. जोरातच पेटत राहिला तर बंद करा, आत काहीतरी गेलंय, पण निदान जळलं काही नाही. मी पहिल्या दिवशी हा बारकासा बोर्ड वापरला असता तर ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यायची वेळ आली नसती.

काय गेलं होतं ते सांगतो कारण व्हॉल्व्हच्या जवळपास प्रत्येक सेटमध्ये हेच जातं. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधला करंट ताब्यात ठेवणारी आतली जाळी) आधीच्या स्टेजकडून आवाज आणून देणारा एक कंडेन्सर असतो, कपलिंग कंडेन्सर, साधारण ०.०१ मायक्रोफॅरड. त्या काळी तो कागद आणि मेणाचा असायचा. कागद दमट होतो, ठाण्याच्या पावसाळ्यात तर होणारच, आणि तो डीसी गळू द्यायला लागतो, मग ग्रिडवर नको ते व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह वेड्यासारखा करंट ओढतो, पत्रा लाल होतो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर. नवीन पॉलिस्टर कंडेन्सर ६३० व्होल्टचा, किंमत चहापेक्षा कमी. पहिल्यांदा हा बदला, मग बाकीचं. दुसरे बदलायचे ते फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, आणि तिथे "मोठा टाकू, हम (तो घुंऽऽ आवाज) कमी होईल" असं करू नका, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला झेपत नाही, होता तेवढ्याच्या जवळपासचा घ्या, ३२ च्या जागी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. मायकाचे चपटे कंडेन्सर सहसा चांगले असतात, त्यांना हात नको. मेनची वायर रबराची असेल तर वाकवून बघा, बिस्किटासारखी तुटेल, ती बदलाच आणि एक फ्यूज घाला. मागे व्होल्टेजची पट्टी असेल तर ती सगळ्यात वरच्या आकड्यावर, कारण आपल्याकडे आता २३०-२४० येतात.

ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी एक गंमत. साठच्या दशकातल्या बऱ्याच सेटमध्ये एएफ ११४ ते एएफ ११७ या नंबरचे चार पायांचे ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या पत्र्याच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू आपोआप वाढतात, खरंच, जिवंत असल्यासारखे, आणि आतल्या पायांना टोपीशी शॉर्ट करतात. रेडिओ मुका होतो. चौथा पाय टोपीला जोडलेला असतो, तो कापला की पुष्कळदा सेट बोलायला लागतो. मी बेलापूरच्या एका मित्राच्या आजीचा सेट एका नेलकटरने दुरुस्त केलाय, त्या दिवशी मला जे पोहे मिळाले ते अजून आठवतात.

सुटे भाग कुठे? लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोडला उतरून चालत. मोठ्या दुकानांत नाही, आतल्या जिन्याखालच्या छोट्या दुकानांत विचारा, आणि "व्हॉल्व्ह आहे का" न विचारता नंबर लिहून न्या. अख्खा रेडिओ हवा असेल तर चोर बाजार, मटण स्ट्रीट, शुक्रवारी ती दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवा. तिथे चकचकीत पॉलिश केलेला सेट दिसला की आधी मागचं झाकण उघडायला सांगा, कारण बाहेरून साठ सालचा आणि आत ब्लूटूथचं बोर्ड असा माल भरपूर आहे. मला तर खराब कॅबिनेट आणि आतला सगळा मूळ माल असाच सेट आवडतो. बघायचं काय, तर डायलची काच शाबूत आहे ना (ती कुठेच मिळत नाही), बटणं चारही एकसारखी आहेत ना, आणि ट्रान्सफॉर्मरला जळका वास येतोय का. बाकी सगळं होतं. भाव करताना आपल्याला यातलं कळतं असं दाखवू नका. ठाण्यातले भंगारवाले पण सोडू नका, मर्फी रेडिओचा कारखाना आपल्या ठाण्यातलाच होता, त्यामुळे इथल्या जुन्या घरांतून अजून कधीकधी काहीतरी बाहेर पडतं आणि भंगारवाला ते किलोवर घेतो.

बरं, रेडिओ चालू झाला. लावला. आणि शॉर्टवेव्हवर नुसतं खर्रर्र. इथे नव्वद टक्के लोक सोडून देतात आणि म्हणतात शॉर्टवेव्ह मेलं. मेलं नाहीये, कमी झालंय हे खरं, बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह बंद केलं तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. पण तुम्हाला जे ऐकू येतंय ती मरणाची शांतता नाही, तो तुमच्याच घराचा आवाज आहे.

मी आता कासारवडवलीला चौदाव्या मजल्यावर राहतो. एका रविवारी सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हच्या रिकाम्या जागी लावला आणि घरभर फिरलो. राउटरच्या चार्जरपाशी किर्रर्र. हॉलमधल्या पंख्यापाशी, तो नवा वीज वाचवणारा, घर्रर्र. बाथरूममधल्या एलईडीपाशी तर रेडिओ किंचाळला. मग एकेक एमसीबी पाडत गेलो आणि वहीत लिहीत गेलो कोणता पाडल्यावर काय थांबतं. मुलगी म्हणाली बाबा, तुम्ही भूत शोधताय का? साधारण तसंच. आता रेडिओ ऐकायचा तास ठरलेला आहे, तेव्हा दोन चार्जर, एक दिवा आणि तो पंखा बंद. पंख्यावरून घरात वाटाघाटी झाल्या, उन्हाळ्यात माझी बाजू कमजोर पडते. ज्या वायरी बंद करता येत नाहीत त्यांना फेराइटच्या (ही खरखर अडवणाऱ्या) क्लिपा लावल्या, त्यातून वायरीचे चार-पाच वेढे काढायचे, एका वेढ्याने फारसं काही होत नाही.

खरी मजा लाईट जाते तेव्हा. मागच्या मे महिन्यात संध्याकाळी अख्ख्या कॉम्प्लेक्सची लाईट गेली, लोक बाल्कनीत येऊन कुरकुरत होते, आणि मी सेलवरचा रेडिओ लावला तर ३१ मीटरवर (शॉर्टवेव्हचा एक पट्टा) एकामागोमाग एक स्टेशनं, अरबी, चिनी, इंग्रजी, कुठलंतरी बासरीसारखं वाद्य, एकदम स्वच्छ. वीस मिनिटांनी लिफ्टचा आवाज आला आणि सगळं परत त्या खरखरीत बुडालं. सोसायटीत लाईट आल्यावर वाईट वाटलेला मी एकटाच.

घरात जमत नसेल तर रेडिओ बाहेर न्या. नेरूळ-बेलापूरला खाडीकडच्या बाजूला, उपवनला तलावाच्या पलीकडे, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी. ऐरोली-कळव्याकडे हायटेन्शन लाईन डोक्यावर असते तिथे नको. कुणी विचारलं काय चाललंय तर रेडिओ त्यांच्या कानाला लावा, पाच मिनिटांत तेच सांगायला लागतात की आमच्याकडे पण होता.

एरियलचं सांगतो. जुन्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत ती तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असायची, आठवतं? तीच कल्पना. दहा-पंधरा मीटर साधी इन्सुलेटेड वायर, जितकी बाहेर आणि जितकी घरातल्या वायरिंगपासून लांब तितकी चांगली. टॉवरमध्ये राहत असाल तर बाल्कनीच्या ग्रिलच्या बाहेरून बारीक वायर सोडा, ग्रिलच्या आत सोडलेली वायर म्हणजे पिंजऱ्यात ठेवलेला पोपट. ट्रान्झिस्टरला एरियलचं सॉकेट नसेल तर वायरीचं टोक मगरक्लिपने त्याच्या उभ्या अँटेनाला लावा, आणि स्टेशनं एकात एक घुसायला लागली तर वायर जास्त झाली, कमी करा. व्हॉल्व्ह सेटला मागे ए आणि ई लिहिलेली दोन भोकं असतात, ए म्हणजे एरियल, ई म्हणजे अर्थिंग, पण यू व्हॉल्व्हच्या सेटला अर्थिंग जोडण्याचं धाडस करू नका. गच्चीवर वायर टाकायची तर सेक्रेटरींना आधी चहा पाजा. माझा अनुभव असा की "अँटेना" म्हटलं की त्यांना मोबाईल टॉवर दिसतो, "एरियल" म्हटलं की बालपण.

कधी काय लागतं हे समजायला थोडं विज्ञान, थोडंच. शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ. डायलवर मीटर लिहिलेले असतील तर ३०० ला त्याने भागा, २५ मीटर म्हणजे १२ मेगाहर्ट्झ, ४९ म्हणजे सहाच्या थोडं वर. या लहरी वर आयनोस्फिअरला (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांना) आपटून परत खाली येतात म्हणून हजारो किलोमीटर जातात. दिवसा उन्हामुळे खालचा डी नावाचा थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी गिळतो, सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून दुपारी १९, १६, १३ मीटर, आणि तिन्हीसांजेनंतर ३१, ४१, ४९. सगळ्यात भारी वेळ सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आगेमागे अर्धा तास, तेव्हा न येणारी स्टेशनं येऊन जातात. याशिवाय सूर्याचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र असतं, सध्याचं पंचविसावं डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ च्या सुमारास भरात आलं, त्या काळात वरचे बँड छान चालतात.

सुरुवातीला मात्र मिडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावून बघा, ती लागली म्हणजे रेडिओ ठीक आहे. मग १० किंवा १५ मेगाहर्ट्झला वेळेचे टिकटिक सिग्नल शोधा, बहुधा चीनचं स्टेशन मिळेल, त्यावरून तुमची डायल किती पुढेमागे दाखवते तेही कळतं. जुन्या डायली खोटं बोलतात, प्रत्येक सेटचं खोटं वेगळं असतं, तुमच्या सेटचं खोटं वहीत लिहून ठेवा.

वहीवरून आठवलं. वही ठेवाच. तारीख, वेळ, डायलवर कुठे, काय ऐकलं. परदेशी स्टेशनला रिपोर्ट पाठवायचा तर वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, आणि सिनपो कोड, पाच गोष्टींना एक ते पाच मार्क: सिग्नल, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, आवाजाची चढउतार आणि एकूण. सोबत काय ऐकलं त्याचे दोन-चार तपशील, नाहीतर त्यांना कसं कळणार तुम्ही खरंच ऐकलंत. काही स्टेशनं अजून कागदाचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ऐकल्याची पावती, पाठवतात. पोस्टमन ते देताना थांबून बघतो, हा बोनस.

आता हॅम. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास ४१ मीटरच्या थोडं खाली, ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये फिरवलंत तर बदकं भांडल्यासारखा आवाज येईल. ती बदकं नाहीत, हॅम लोक आहेत, सिंगल साइडबँडवर बोलतायत, आणि साध्या रेडिओत ते उलगडायची सोय नसते. पण एक जुगाड आहे आणि तो मला या सगळ्या नादात सर्वात आवडतो. दुसरा एक शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर घ्या, त्याचा आवाज पूर्ण बंद करा आणि पहिल्याच्या शेजारी चिकटून ठेवा. अशा साध्या रेडिओच्या आत सहसा एक ऑसिलेटर (स्वतःची लहर तयार करणारं सर्किट) असतो जो डायलवरच्या आकड्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि थोडा बाहेर गळतो. म्हणजे बदकं ७.१०० वर असतील तर दुसरा रेडिओ ६.६४५ च्या आसपास न्या आणि मग केसागणिक हलवा, अगदी श्वास रोखून. एक शिट्टी येईल, वरून खाली उतरेल, खाली, अजून खाली, आणि एका क्षणी बदकाच्या पोटातून माणूस बाहेर येतो. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते वाक्य होतं, "पाऊस काय म्हणतोय तिकडे?" कोल्हापूर की सांगली, कळलं नाही, हात थरथरला आणि तो परत बदक झाला.

मग पुढे जाऊन खरा कम्युनिकेशन रिसीव्हर घ्यावासा वाटतो, बीएफओवाला, ज्यात ही शिट्टी आतच असते. दुसऱ्या महायुद्धातले एआर ८८, बीसी ३४८ असे लोखंडी रेडे युद्धानंतर मिलिटरी डिस्पोजलमध्ये विकायला निघाले आणि पुष्कळ हॅम लोकांनी त्यांच्यावर हात साफ केला. हौशी माणसाला मी ते सुचवणार नाही, उचलताना कंबर जाते आणि ठेवायला टेबल पुरत नाही. सत्तरच्या दशकातले जपानी सेट, यासूचा एफआरजी ७ वगैरे, मिळाले तर घ्या, डायल फिरवतानाचं ते लोण्यासारखं वजन मोबाईलच्या स्क्रीनवर कधीच मिळणार नाही.

ट्रान्समीटर किंवा ट्रान्सीव्हर मात्र, कितीही जुना असो, कितीही स्वस्त असो, लायसन्सशिवाय घ्यायचा नाही. ऐकायला हरकत नाही, पण प्रक्षेपण करू शकणारं यंत्र नुसतं घरात ठेवणंही गुन्ह्यात मोडतं. लायसन्स दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर, वयाची अट फक्त बारा वर्षं पूर्ण. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेला मोर्सची भानगड नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, दहावीचं फिजिक्स आठवत असेल तर महिन्याभराच्या अभ्यासात होतं. मग पोलीस व्हेरिफिकेशन, मग वाट बघणं, आणि एके दिवशी व्हीयू ३ ने सुरू होणारी कॉलसाइन (रेडिओवरची तुमची ओळख) हातात. वाट बघण्याच्या काळात ऐका. जो भरपूर ऐकतो तो माईकवर आल्यावर लगेच ओळखू येतो, मध्येच घुसत नाही.

लायसन्स मिळाल्यावर यासू एफटी १०१ किंवा केनवूड टीएस ५२० सारखा व्हॉल्व्ह-ट्रान्झिस्टर मिश्र सेट घेतलात तर आधी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टन्स) घ्या. अँटेनाशिवाय किंवा लोडशिवाय कधीच प्रक्षेपणाचं बटण दाबू नका, आउटपुटचे व्हॉल्व्ह जातील आणि ते महाग आहेत. हे सेट दर वेळी हाताने ट्यून करावे लागतात, प्लेट आणि लोडची दोन बटणं, मीटरचा काटा बघत, आठ-दहा सेकंदांत उरकायचं आणि सोडायचं, नाहीतर तोच माझा लाल पत्रा परत. आत ६०० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त प्लेट व्होल्टेज आहे, काकांचा खिशातला हात विसरू नका. चाळीस मीटरसाठी डायपोल (दोन सारख्या तारांचा एरियल) करायचा तर दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर, मध्ये फीडर केबल, गच्चीच्या दोन टाक्यांच्या मध्ये बरोबर बसतो.

शेवटी पावसाळा, कारण आपल्याकडे व्हॉल्व्ह जाऊन मरतात त्यापेक्षा जास्त रेडिओ जूनमध्ये मरतात. वळवाचा पहिला गडगडाट ऐकू आला की एरियलची वायर रेडिओतून काढून बाल्कनीबाहेर टाका, नुसता बंद करून भागत नाही. रेडिओ भिंतीला चिकटून ठेवू नका, भिंतीची ओल मागच्या पुठ्ठ्यातून आत येते. आणि आठवड्यातून एकदा तासभर चालवा, व्हॉल्व्हच्या उबेनेच आतली सर्दी जाते, बंद ठेवून जपलेला सेट दिवाळीला उघडाल तर बुरशी. आमच्याकडे दर बुधवारी रात्री आठला लावतो, वार आईने ठरवलाय. मधल्या सेटमध्ये आता परत पाल शिरली आहे, ती बाहेर निघेपर्यंत तो बंद.